धुतलेले हात

"एकदा परत वाचा ना, प्लीज," मी त्या वेटरला इंग्रजीत म्हटलं. परागनं मेन्यूकार्ड वर उचलून तोंड लपवलं.

वेटरनं माझं कार्ड परत वाचलं. परागच्या ऑफिसातल्या एका तमिळ सहकाऱ्याकडून मी ते लिहून घेतलं होतं आणि सहा प्रती लॅमिनेट करून आणल्या होत्या. 'या मुलीच्या पोटात शेंगदाणा गेला तर तिचा जीव जाऊ शकतो. दाणा, कूट, तेल, चटणी, त्याला लागलेला चमचा, त्याच कढईतलं काहीही चालणार नाही.' तमिळ अक्षरं मला वाचता येत नव्हती, म्हणून मी वाचणाऱ्याचा चेहरा वाचायचे. या पोराचा चेहरा काहीच सांगत नव्हता.

"ओके मॅडम. नो प्रॉब्लेम."

"नो प्रॉब्लेम म्हणजे काय? आत जाऊन विचारा."

"वैजू," पराग म्हणाला, "त्याला कळलंय."

"कळलं असतं तर तो घाबरला असता."

समोर बसलेल्या आई, म्हणजे माझ्या सासूबाई, गालात हसल्या. साडेचार वर्षांची केतकी त्यांच्या मांडीला टेकून टेबलावरच्या चॉपस्टिक्सनी ढोल वाजवत होती. पाँडिचेरीतला आमचा पहिलाच दिवस. त्या एका गल्लीत फ्रेंच बेकरी होती, चेट्टिनाड खाणावळ होती, इटालियन होतं आणि हे व्हिएतनामी. माणसं सायकली भिंतीला टेकवून आत यायची, पाटी न वाचता बसायची, जे येईल ते खायची. मी त्यांच्याकडे बघत बसले होते. असं खाता येतं हे मी विसरूनच गेले होते.

थोड्या वेळानं आतून आचारीच बाहेर आला. जाडजूड, कपाळावर घाम, हातात माझं कार्ड. तो खुर्ची ओढून केतकीच्या उंचीला येऊन बसला आणि मला म्हणाला, "मॅडम, सकाळपासून मी आत वेरकडलै भाजतोय. दाणेच. माझ्या भिंतींनासुद्धा त्याचा वास आहे. ही माझी मुलगी असती तर इथं मी तिला पाणीही पाजलं नसतं. तुम्हाला साधा भात देतो, वेगळ्या पातेल्यात, मी स्वतः शिजवतो. वर काय घालायचं ते तुमचं तुम्ही घाला."

मला त्या माणसाच्या पाया पडावंसं वाटलं. दोन वर्षांत खरं बोलणारा पहिला आचारी भेटला होता.

"म्हणजे मला परत मेतकूट-भात?" केतकीनं विचारलं.

"परत मेतकूट-भात," आई म्हणाल्या. "फ्रान्सची राणी पण तेच खाते."

"खरंच?"

"तर! तुपाशिवाय खात नाही ती."

आम्ही सोलापूरचे. सोलापूरच्या माणसाला शेंगा चालत नाहीत म्हणजे काय, हे सोलापूरबाहेर समजावून सांगणं अवघड आहे. आमच्याकडे भाजी उतरवली की कूट पडतंच, कोशिंबिरीत पडतं, आमटीत पडतं, आणि पानात डावीकडे शेंगाचटणी नसेल तर पाहुणा हात आखडता घेतो. केतकी अडीच वर्षांची असताना संक्रांतीला शेजारच्या काकूंनी तिच्या हातावर तिळाचा लाडू ठेवला. त्यात दाणे होते. त्या संध्याकाळी डॉक्टरांनी आम्हाला सांगितलं की अजून दहा मिनिटं उशीर झाला असता तर अवघड होतं. ती दहा मिनिटं तेव्हापासून माझ्या अंगातून गेलेलीच नाहीत.

घरातल्या शेंगा मी बंद केल्या नाहीत. करायला हव्या होत्या, पण परागला कुटाशिवाय भाजी गिळवत नसे आणि आईंचं तर सगळं आयुष्यच उखळापाशी गेलेलं. मी स्वयंपाकघराची वाटणी केली. केतकीचे चमचे वेगळे, कढई वेगळी, पोळपाट वेगळा. मिक्सरची दोन भांडी. त्यातल्या एकाच्या कानाला मी लाल दोरा बांधला. दोऱ्याचं भांडं फक्त केतकीचं. त्याला माझ्याशिवाय कुणी हात लावायचा नाही. आई जिल्हा परिषदेच्या शाळेत तेहतीस वर्षं शिक्षिका होत्या, वर्गाला गप्प बसवायची त्यांना सवय होती. त्या घरात त्यांना गप्प बसायची सवय मी लावली. "आई, तो चमचा नको." "आई, आधी हात." "आई, तुम्ही राहू द्या, मी बघते." शेवटी शेवटी त्या ओट्यापाशी येण्याआधी दारात थांबायच्या.

सासरे गेल्यानंतर आईंनी एकदाच काहीतरी मागितलं होतं. "समुद्रातून सूर्य उगवताना बघायचाय. आपल्याकडं नुसता बुडताना दिसतो." म्हणून ही ट्रिप. निघायच्या सकाळी मी नवं मेतकूट करून स्टीलच्या डब्यात घट्ट भरलं. थोडं जुनंही शिल्लक होतं, ते वेगळ्या डबीत घेतलं. तूप, मीठ, साखर, दोन चमचे, औषधांची पिशवी. परागनं त्या सामानाला 'फिरतं भांडार' नाव दिलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मला वास आला.

आईंच्या खोलीचं दार लोटलेलं होतं. वास म्हणजे नुसता भास. पण माझं नाक तेव्हा कुत्र्याचं झालं होतं. मी दार ढकललं. आई खिडकीपाशी पाठमोऱ्या बसून दहीभात खात होत्या आणि खिडकीच्या कठड्यावर औषधाची जुनी बाटली होती. तिच्यात लालभडक शेंगाचटणी.

"आई!"

त्या दचकल्या. घास हातातच राहिला.

"तुम्ही हे घेऊन आलात? इथं? या ट्रिपला?"

"पोरगी खाली आहे गं परागबरोबर. मी दार लावून खातेय. नंतर तीनदा साबण लावते, नखात ब्रश फिरवते, चूळ भरते..."

"ब्रश कुठला?"

"जुना. तिचा नव्हे."

"तुम्हाला चार दिवस चटणीशिवाय राहवत नाही?"

त्यांनी ताटाकडे बघितलं. "इथलं सगळं चांगलं आहे, वैजू. पण घास गोड लागत नाही. साठ वर्षांची जीभ आहे. काय करू?"

मी परागला बोलावलं. त्यानं आईंकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि सोपं ते केलं. "आई, तुला पण ना... बॅगेत तळाशी ठेव ती बाटली. आणि पोरीला हात लावायच्या आधी वैजूला हात दाखवत जा."

हे तो थट्टेनं म्हणाला होता. पण त्या संध्याकाळी समुद्राच्या कडेनं फिरताना केतकीनं आजीचं बोट मागितलं, तेव्हा आईंनी आधी माझ्यासमोर दोन्ही पंजे पसरले, पालथे केले, परत उताणे केले. शाळेत प्रार्थनेनंतर पोरांची नखं तपासताना त्या पोरांना असेच हात धरायला लावायच्या. मी नको म्हणायला हवं होतं. मी वाकून वास घेतला. साबणाचा होता.

"पास?" आईंनी विचारलं.

"पास," केतकी ओरडली.

त्या रस्त्यावर संध्याकाळी गाड्या बंद असतात. पोरं स्केटिंग करत होती, म्हातारे काळ्या खडकांवर पाय सोडून बसले होते. पराग म्हणाला, "बघ, किती मोकळं वाटतंय ना?" मी हो म्हटलं. शेंगदाण्याच्या पुड्या विकणारे तोवर मी चार मोजले होते.

तिसऱ्या दिवशी आम्ही शहराबाहेरच्या बोट हाउसवर गेलो. खाडीतून अर्ध्या तासावर एक वाळूचा पट्टा होता, एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला समुद्र. तिथं कयाक मिळायचे, व्हॉलीबॉल होता, झावळ्यांच्या टपऱ्यांत तळलेले मासे होते. केशरी लाइफ जॅकेटमध्ये केतकी बाहुलीसारखी दिसत होती. आईंना त्यांच्या साडीवरून ते जॅकेट घालताना बोटवाल्याला घाम फुटला.

"ह्यात मी बुडणार नाही, पण लाजेनं मरेन," आई म्हणाल्या.

पराग मला कयाकमध्ये चल म्हणाला. मी नाही म्हटलं. दहा मिनिटं फक्त, म्हणाला. मी नाही म्हटलं. मग तो एकटाच गेला आणि मला त्याचं वल्हं उन्हात चमकताना दिसत राहिलं. लग्नाआधी आम्ही दोघं हिप्परगा तलावावर सूर्य मावळेपर्यंत बसायचो. तेव्हाची ती मुलगी, म्हणजे मी, कुठल्या गावाला गेली कोण जाणे.

साडेबाराला केतकीला भूक लागली. हॉटेलातून बांधून आणलेला साधा भात होता. जुनी डबी आदल्या रात्री संपली होती, म्हणून मी नवा डबा उघडला. भात कालवला. चार घास मी भरवले. तेवढ्यात वाऱ्यानं तिची टोपी उडाली आणि मी टोपीमागे धावले.

"आजी, तू भरव," मागून ऐकू आलं.

मी टोपी घेऊन परत आले तेव्हा आईंनी घास उचललेला नव्हता. त्या हात पसरून माझी वाट बघत होत्या. बाटलीतल्या पाण्यानं, साबणाच्या कागदानं कोपरापर्यंत धुतलेले. मी ते हात हातात घेऊन बघितले, नखं बघितली, वास घेतला. मान डोलावली. मगच त्यांनी भरवलं. तीन-चार घास. प्रत्येक घासाला एक चिमणी, एक कावळा.

"आजी, ओठ चावतोय," केतकी म्हणाली.

मी वळून बघितलं. खालचा ओठ डाव्या बाजूनं वर आला होता. गालावर, हनुवटीखाली लाल गांधी उठत होत्या. बघता बघता त्या गळ्यापर्यंत उतरल्या.

पुढचं मला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. औषधाच्या बाटलीचं झाकण. केतकीनं औषध ओकून टाकलं ते. मी परागच्या नावानं मारलेली हाक, जी वाऱ्यावर उलटी माझ्याकडे आली. तमिळ कार्ड मी बोटवाल्याच्या तोंडासमोर धरलं होतं, आणि त्या माणसाचा चेहरा बदलला. तो घाबरला. त्यानं बाकीच्या प्रवाशांची वाट बघितली नाही, शिट्टी वाजवून बोट सोडली. अर्ध्या तासाची खाडी त्यानं किती वेळात कापली मला माहीत नाही. केतकीचा श्वास शिट्टीसारखा वाजत होता. आई बोटीच्या तळाशी बसून तिचे पाय धरून, "ये गं, ये गं, श्वास घे, आजी मोजतेय, एक, दोन, तीन," असं म्हणत होत्या. शाळेतल्या कवायतीच्या आवाजात. केतकी त्या आकड्यांवर श्वास घेत होती. एकवीसनंतर त्या परत एकपासून सुरू करायच्या.

दवाखान्यात मांडीत इंजेक्शन दिलं, नाकावर मास्क लावला. वीस मिनिटांनी शिट्टी थांबली. तोवर परागही मागच्या बोटीनं येऊन पोचला होता. ती झोपली तेव्हा तिच्या मुठीत आईंच्या साडीचा पदर होता.

ड्यूटीवरची डॉक्टर वयानं माझ्याएवढीच होती. वही उघडून तिनं विचारलं, "शेवटच्या तासाभरात काय काय खाल्लं?"

"साधा भात," पराग म्हणाला. "हॉटेलातला. दोन दिवस तोच खातेय. तिथंच गडबड झाली असणार."

"तिथलाच भात दोन दिवस चाललाय ना? आज नवीन काय होतं? घरून आणलेलं काही?"

"मेतकूट. पण ते हिनं स्वतः केलेलं, घरी, वेगळ्या भांड्यात. त्यात काही नसतं."

वेगळ्या भांड्यात.

निघायच्या सकाळी साडेसहाला लाल दोऱ्याच्या भांड्याचं पातं अडकलं होतं. फिरेचना. डाळी भाजून परातीत गार झाल्या होत्या, रिक्षा आठला येणार होती. मी दुसरं भांडं घेतलं. गरम पाण्यानं दोनदा धुतलं, फडक्यानं पुसलं, उन्हाकडे धरून बघितलं, वास घेतला. नाही आला. पात्याखालचं रबर काढून बघायचं मात्र राहिलं. आदल्याच संध्याकाळी त्यात किलोभर दाण्यांचं कूट निघालं होतं. रबराखाली तेलकट गाळ बसतो, हे मलाच सगळ्यांत जास्त माहीत होतं. त्यासाठीच तर दोरा बांधला होता. गाडीत बसेपर्यंत मी ते विसरले. विसरले म्हणजे, आठवायचं नाही असं ठरवलं.

मी तोंड उघडलं. त्याआधी पराग वळला होता.

"आई, तू सकाळी इडलीबरोबर ती चटणी खाल्लीस?"

"खाल्ली."

"बाटली तळाशी ठेव म्हटलं होतं ना मी तुला?"

"म्हटलं होतंस."

"आणि मग तिला भरवलंस. हात धुतले होतेस?"

आईंनी माझ्याकडे बघितलं. रागानं नाही, विनवणीनं नाही. वर्गात एखाद्या पोराला उत्तर येतंय की नाही याचा अंदाज घ्यावा, तसं. मी डॉक्टरच्या वहीकडे बघत होते. माझ्या जिभेवर चार शब्द होते, आणि ते चार शब्द बोलले असते तर गेली दोन वर्षं ज्या एका गोष्टीच्या जोरावर मी त्या घराला हलवत होते, ती गोष्ट तिथंच फरशीवर सांडली असती.

"नसतील धुतले नीट," आई म्हणाल्या. "नखात राहिली असेल. म्हातारीचे हात."

"आई, तिचा जीव गेला असता!" पराग ओरडला. नर्स धावत आली. तो बाहेर गेला, आईंच्या पिशवीतून ती बाटली काढून त्यानं कचऱ्याच्या डब्यात आपटली. डॉक्टरनं वहीत काहीतरी लिहिलं. आईंनी आपले दोन्ही हात मांडीवर ठेवून वरून पदर ओढून घेतला.

रात्रभर केतकीला ठेवून घेतलं. सकाळी तिनं डोळे उघडून आधी "टोपी कुठाय?" विचारलं, तेव्हा पराग म्हणाला, "तुम्ही दोघी जा, आंघोळ करून या. मी थांबतो." आईंकडे न बघताच म्हणाला.

रिक्षा समुद्राजवळून चालली होती. आई म्हणाल्या, "थांबव जरा." आम्ही उतरलो. सूर्य पाण्याच्या हातभर वर आला होता, पिवळाधमक, नेहमीसारखाच.

"उगवून गेला की," आई म्हणाल्या आणि एका खडकावर बसल्या.

मी उभीच होते. पाय दुखत होते, पाठ दुखत होती, डोळ्यांत वाळू होती. "आई, ते भांडं..."

"माहीत आहे."

मी खडकाला हात टेकून खाली वाकले.

"त्या सकाळी ओट्यावर उपडं घातलेलं होतं. बिनदोऱ्याचं. कडेला हळदीचं पिवळं लागलेलं. मी परत घासून ठेवलं. म्हटलं, विचारावं का हिला? मग म्हटलं, हिनं नीट धुतलं असेल, हिच्यासारखं कोण धुतंय. आणि तुला स्वयंपाकघरात काही विचारायचं म्हणजे..." त्या थांबल्या. "मी विचारायला हवं होतं. तेवढं माझं खरंच चुकलं."

"मग काल तुम्ही असं का सांगितलं? मी तुमचे हात तपासले होते. स्वच्छ होते."

"होते की."

"मी आत्ता जाऊन परागला सांगते."

"सांगून काय करशील? तुझा स्वभाव मला ठाऊक आहे. तू आधीच तिला पाणी पाजताना थरथरतेस. हे जर तुझ्या नावावर गेलं ना, तर उद्यापासून तू तुझ्या हातचासुद्धा घास तिला देणार नाहीस. पोर उपाशी मरेल. घरात एकीनं तरी न घाबरता भरवायला पाहिजे तिला." त्यांनी वाळूतला एक शिंपला उचलला, परत टाकला. "परागचं काय, चार दिवस रागावेल. आईवर कुणी किती रागावतं?"

मी त्यांच्या शेजारी बसले. मला रडू येईल असं वाटलं होतं, पण मी इतकी थकले होते की तेही आलं नाही. मला आठवतंय, त्या क्षणी सगळ्यांत आधी मला सुटल्यासारखं वाटलं. हॉटेलवर जाऊन मी नव्या डब्यातलं मेतकूट कचऱ्यात ओतलं, डबा तीनदा घासला, आणि दुपारी परागला म्हटलं, "मेतकूट संपलं. घरी गेल्यावर करते."

आई चार दिवस म्हणाल्या होत्या.

त्याला आता बारा वर्षं झाली. पराग वाईट नाही. तो पुन्हा कधी ओरडला नाही, उलट त्या प्रसंगाची त्यानं गोष्ट केली. पाहुणे आले की सांगायचा, 'आमच्या मातोश्रींच्या एका नखानं पोरीला हॉस्पिटलात पोचवलं होतं,' आणि आई सगळ्यांबरोबर हसायच्या. पण त्या ट्रिपनंतर त्यांनी केतकीला एकही घास भरवला नाही. तिचं ताट वाढलं नाही. घरातल्या शेंगा त्यांनी स्वतःहून बंद केल्या, उखळ बार्शीला धाकट्या जावेकडे पाठवून दिलं. जेवताना त्या केतकीपासून एक खुर्ची सोडून बसायच्या, हात मांडीवर. मी रोज बघायचे. रोज म्हणायचे, उद्या सांगू. केतकी लहान आहे, सांगू. परागच्या नोकरीचं नीट होऊ दे, सांगू.

गेल्या वर्षापासून आईंना विसरायला होतं. आधी चष्मा, मग वार, मग धाकट्या जावेचं नाव. हात मात्र त्या सारखे धुतात. दिवसातून वीस-वीस वेळा. धुऊन आल्या की जो समोर असेल त्याला पंजे पसरून दाखवतात.

परवा रविवारी केतकी बॅग भरत होती. दहावीच्या सुट्टीत मैत्रिणींबरोबर पाँडिचेरीला निघालीय, सर्फिंग शिकायला. इंजेक्शनचं पेन कमरेच्या पाऊचमध्ये, तमिळ मजकूर मोबाइलमध्ये. माझ्यापेक्षा नीट तयारी.

"आई, तो बीच अजून आहे का गं?" जेवायला बसता बसता तिनं विचारलं. "जिथं मी मरता मरता वाचले?"

"आजीला विचार," पराग पोळी मोडत म्हणाला. "नखाची मालकीण ती."

मला वाटलं, आई नेहमीसारख्या हसतील. त्या हसल्या नाहीत. केतकीकडे बघत म्हणाल्या, "मी हात धुतले नव्हते गं. सगळ्यांनी सांगितलं होतं, तरी धुतले नाहीत. कशी मी अशी? एवढीशी होतीस तू."

त्या सोंग करत नव्हत्या. मी त्यांचे डोळे बघितले. खडकावर बसून मला सांगितलेलं सगळं त्यांच्या डोक्यातून पुसलं गेलं होतं. ओट्यावरचं उपडं भांडं नव्हतं, पिवळी कडा नव्हती. माझ्यासाठी उचललेलं ते खोटंच आता त्यांना आठवत होतं, आणि खरं काय झालं ते आता या जगात फक्त मला माहीत होतं.

"धुतले होते," मी म्हटलं.

परागनं वर बघितलं.

"तुम्ही कोपरापर्यंत धुतले होते, आई. साबणाच्या कागदानं. मी दोन्ही हात धरून तपासले होते, वास घेतला होता. मग तुम्ही भरवलंत. भांडं मी चुकवलं होतं. कूट काढलेल्या भांड्यात मेतकूट केलं होतं मी. दोऱ्याचं अडकलं होतं म्हणून. मला दवाखान्यातच कळलं होतं."

परागनं हातातला घास परत ताटात ठेवला. "वैजू, काय बोलतेयस तू? बारा वर्षं..."

"बारा वर्षं."

केतकी माझ्याकडे बघत होती. तिला मला काय म्हणायचं असेल ते म्हणू दे, असं मनाशी म्हणत मी बसले होते. तिनं बघत बघतच आपली खुर्ची सरकवली, मधली रिकामी खुर्ची ओलांडून, आजीच्या कुशीला लागेपर्यंत.

आईंनी आपल्या पंजांकडे बघितलं. पालथे केले, उताणे केले. मग त्यांनी ते माझ्यापुढे धरले.

"मग आज मी भरवू हिला?" त्यांनी विचारलं.